चंद्रपूरच्या चिमण्यांचा निकाल लावण्याआधी

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
तज्ज्ञ मूल्यांकन समिती (औष्णिक वीज प्रकल्प),
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : 'ब' गटातील औष्णिक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लागू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या कोळशावर चालणाऱ्या बहुतेक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळं केलं. ती सगळी 'क' गटातली, म्हणजे एकूण केंद्रांपैकी जवळपास ७८ टक्के. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर ज्यांच्या दहा किलोमीटरच्या आत आहे, त्या 'अ' गटाला डिसेंबर २०२७ ची मुदत मिळाली. राहिला मधला 'ब' गट. त्याचं काय करायचं ते प्रत्येक केंद्राचं प्रकरण तपासून ठरवा, असं म्हणून ती फाइल आपल्याकडे आली आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र याच गटात बसतं, कारण आमचं शहर अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीतही आहे आणि हवेचं मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, जितके गुण जास्त तितकं प्रदूषण जास्त, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं आलं होतं. २०१८ च्या मोजणीतही आम्ही सत्तरीच्या वरच होतो. इतक्या सातत्यानं वरचा नंबर काढणारं दुसरं काही या गावात नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. वीज केंद्राच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची घरं ऊर्जानगरच्या, म्हणजे या वीज केंद्राच्या पगारावर चालली, काहींची वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणींच्या. हे केंद्र उद्या कुलूप लावून बंद करा, असं म्हणणारा माणूस इथं शोधून सापडणार नाही. या पत्रात मागणं आहे ते हिशेबाचं. जो हिशेब भारत सरकार जगासमोर मांडतं आणि बरोबर मांडतं, तोच देशाच्या आत मांडताना हात का आखडतो, एवढंच विचारायचं आहे.

आधी तारखा. ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पाऱ्याची नवी मानकं निघाली. मुदत दोन वर्षांची होती. २०१७ आलं, मुदत २०२२ वर गेली. २०२१ मध्ये अ, ब, क असे गट पाडले आणि 'ब' गटाला डिसेंबर २०२३ सांगितलं. २०२२ मध्ये त्याचं डिसेंबर २०२५ झालं. ३० डिसेंबर २०२४ रोजी ते २०२८ झालं. सहा महिन्यांनी तर मुदतीचा प्रश्नच मागं पडला आणि मर्यादा लागू करायची की नाही इथपासून चर्चा सुरू झाली. मानकं निघाली त्या महिन्यात जन्मलेलं मूल आता प्राथमिक शाळा संपवत आलं. शाळेत एकाही विद्यार्थ्याला गृहपाठासाठी एवढ्या सवलती मी दिल्या नव्हत्या.

सवलतीच्या बाजूनं जे युक्तिवाद येतात, ते मी नीट वाचले आहेत. भारतीय कोळशात गंधक कमी, सुमारे अर्धा टक्का. शहरांमधल्या हवेत सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण मानकाच्या पुष्कळ खाली. आणि चिमणीतला वायू धुणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवली तर ती स्वतः वीज खाणार, तिला चुनखडी लागणार, कार्बन डायऑक्साइड थोडा वाढणार, वीज महागणार. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही सगळी वाक्यं एकापुढे एक ठेवून जो निष्कर्ष काढला जातो, त्यात एक मोठी गाळलेली जागा आहे.

अर्धा टक्का म्हणजे किती ते फळ्यावर मांडू. चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. २४ तास पूर्ण क्षमतेनं चाललं तर सात कोटी युनिट वीज. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे उष्णता कमी आणि युनिटमागे कोळसा जास्त, सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास. झाला ४९ हजार टन कोळसा. त्यातलं अर्धा टक्का गंधक २४५ टन. जळून त्याचा डायऑक्साइड होतो तेव्हा वजन दुप्पट होतं, म्हणजे ४९० टन. थोडं गंधक राखेत राहतं, सगळे संच रोज पूर्ण भारावर चालत नाहीत, सगळं मान्य. निम्मं करा. तरी एका गावाच्या डोक्यावरून रोज अडीचशे टनांच्या घरात वायू जातो. कोळसा स्वच्छ आहे म्हणून सुटका होत नाही. तो इतका जाळावा लागतो की थोडं थोडंही पुष्कळ होतं.

मग हा वायू शहरातल्या यंत्रांना दिसत का नाही? चंद्रपुरात हवेची सतत मोजणी करणारी केंद्रं आहेत, एक शहरात, एक खुटाळ्याच्या एमआयडीसीत. त्यांच्यावर सल्फर डायऑक्साइडचे आकडे खरोखरच फारसे वर जात नाहीत. कारण वायू जमिनीलगत सोडलेलाच नाही. ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटर उंचीची चिमणी लागते, असा आपलाच नियम आहे, आणि जुलैच्या अधिसूचनेतली सवलतही चिमणीच्या उंचीच्या निकषाला बांधलेली आहे. एवढ्या उंचीवरून निघालेला वायू वाऱ्यानं दूर जातो. वाटेत काही तासांत, काही दिवसांत त्याचं सल्फेट होतं. हवेतल्या अमोनियाशी तो जुळतो, आणि अमोनियाला तोटा कसला, खालच्या सगळ्या शेतांत युरिया पडलेला असतो. तयार होतात अडीच मायक्रॉनहून बारीक कण. ते यवतमाळला उतरतात, तेलंगणात उतरतात, वारा फिरला की परत इथेच येतात. तोवर मोजणी यंत्रावर त्यांचं नाव बदललेलं असतं. आता ते पीएम २.५ म्हणून नोंदले जातात आणि त्यांचा दोष रस्त्यावरच्या धुळीला लागतो.

अंगणातला केर झाडून शेजारच्या अंगणात लोटायचा आणि आपल्याकडे केर सापडला नाही म्हणून झाडूचीच गरज नाही असं ठरवायचं, तसा हा प्रकार आहे. शहरातल्या यंत्रावरचा सल्फर डायऑक्साइड पाहून चिमणीचा निर्णय करू नका, ही माझी पहिली विनंती. चिमणीतून किती टन बाहेर पडतं ते पाहा, आणि कणांत सल्फेट किती आहे ते पाहा.

आता धुळीचं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये आला. महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत, त्यात आम्हीही. देशभर या कार्यक्रमाचा बहुतांश पैसा रस्त्यावरची धूळ उडू नये यासाठी गेला. झाडणाऱ्या गाड्या, पाणी फवारणाऱ्या गाड्या, डांबरीकरण. धूळ इथं आहेच, नाही कोण म्हणतं. पद्मापूर, दुर्गापूर, भटाळीच्या खाणींतून कोळसा भरून ट्रक निघतात, घुग्गुसच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जाऊन आलेला माणूस घरी आला की रुमालावरून ओळखू येतो. खाणीलगतच्या वस्त्यांमध्ये आजही संध्याकाळी कोळशाच्या सिगड्या पेटतात आणि थंडीत तो धूर कौलांच्या वर सरकतच नाही. गॅस सिलिंडर परवडत नाही आणि कोळसा दारात मिळतो, तिथं भाषण देऊन सिगडी विझत नाही. पण ज्या कार्यक्रमाला सिगडी दिसते, ट्रक दिसतो, झाडूवाला दिसतो, त्याला २७५ मीटरची चिमणी दिसू नये?

दिल्लीत बसून कदाचित लक्षात येणार नाही अशी एक गोष्ट सांगतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४६-४७ वर जातो. एसी फार थोड्या घरांत, बाकी सगळीकडे कूलर. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. कूलर मात्र बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढून आत फेकतो, म्हणून तो खिडकीत बसवावा लागतो. एप्रिलमध्ये नव्या सोनेरी ताट्या लावायच्या. जूनमध्ये काढताना त्यांचा रंग शेणकुटासारखा झालेला असतो आणि टाकीच्या तळाला काळा गाळ बसलेला असतो. ताट्यांना अडकलं तेवढं दिसलं. जे बारीक होतं ते रात्रभर झोपलेल्यांच्या तोंडावर येत राहिलं. 'प्रदूषण वाढलं की घरात थांबा, खिडक्या बंद ठेवा' ही सूचना छापणाऱ्यानं चंद्रपुरात मे महिन्यात एक दुपार खिडकी बंद करून काढून दाखवावी. उष्णता आणि हवा हे दोन वेगळे विषय आहेत असं मंत्रालयाच्या विभागांना वाटत असेल, इथं ते एकाच खिडकीतून आत येतात.

खर्चाकडे वळतो, कारण खरा अडसर तोच आहे. एफजीडीमुळे वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागेल, असं सांगितलं जातं. वरचा आकडा धरू. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला, त्याची सगळीच्या सगळी वीज कोळशाची आहे असं मानलं तरी, तीस रुपये. हे तीस रुपये कुणी द्यायचे? १९९९ पासून चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची डीसी वाहिनी चालू आहे, १५०० मेगावॅट वाहून नेणारी. इथली वीज मुंबईकडे नेण्यासाठीच ती बांधली. तिचा खर्च निघाला, तिला जमीन मिळाली, जंगलातून वाट मिळाली. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की यानं वीज महागेल. वीज नेण्याची यंत्रणा हा विजेचा खर्च आणि धूर धुण्याची यंत्रणा ही चैन, असा भेद कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

आणि आज तो खर्च शून्य आहे असंही नाही. तो फक्त वीज बिलावर छापलेला नसतो. तो औषधाच्या दुकानातल्या पावतीवर असतो, इन्हेलरच्या किमतीत असतो, बुडालेल्या रोजीत असतो, आणि तो मुंबईचा ग्राहक भरत नाही.

जागतिक परिषदांमध्ये भारत जे म्हणतो त्याचा मला अभिमान आहे. आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. वातावरणात साठलेला धूर प्रामुख्यानं श्रीमंत देशांचा. ज्यांनी त्याचा फायदा घेतला त्यांनी जास्त भार उचलावा, जबाबदारी सगळ्यांची असली तरी वाटा सारखा नसावा, हे आपण तीस वर्षं सांगत आलो. बाकूमधल्या २०२४ च्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं, तेव्हा हे तुटपुंजं आहे असं आपल्या प्रतिनिधींनी भर सभेत सुनावलं. उत्तम केलं. मग हाच न्याय मुंबईचं वांद्रे आणि चंद्रपूरचं बाबूपेठ यांच्यात लावा. मलबार हिलच्या लिफ्टला लागणारी वीज बनवताना जो धूर झाला, तो धुण्याचे पैसे त्या लिफ्टच्या बिलात असले पाहिजेत. गरिबाला झळ नको असेल तर पहिल्या १०० युनिटांना वगळा आणि भार वरच्या टप्प्यांवर टाका. वीज दराचे टप्पे पाडण्यात आपला देश जगात कुणाला हार जाणार नाही.

एक चांगली संधी आपण हातची घालवलीही आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभा राहायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर राज्यांच्या भरपाईच्या खात्यात विरघळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही संपला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. इथून निघालेल्या प्रत्येक टनावर स्वच्छतेच्या नावानं पैसे घेतले गेले. एफजीडीला पैसे कुठून आणायचे असं विचारलं जातं तेव्हा हे आठवतं.

तांत्रिक बाजूही चंद्रपूरची वेगळी आहे आणि प्रकरण तपासून निर्णय करायचा म्हणजे हेच पाहायचं ना? एफजीडीला चुनखडी लागते. देशातल्या अनेक केंद्रांना ती लांबून आणावी लागेल. आमच्या जिल्ह्यात ती जमिनीतून निघते, म्हणून तर गडचांदूर, आवारपूर, घुग्गुसला सिमेंटचे कारखाने आहेत. वायू धुतल्यावर हाती येतो तो जिप्सम, आणि सिमेंटला जिप्सम लागतोच. कच्चा माल जिल्ह्यातला, गिऱ्हाईक जिल्ह्यातलं. यापेक्षा सोयीची जागा देशात थोडी असेल. पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. इरई धरण तळाला गेल्याचे उन्हाळे आम्ही पाहिले आहेत आणि शहराच्या पिण्याच्या पाण्यातून एफजीडी चालवू नये. पण नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीचं केंद्र वापरतं, ते चंद्रपूरला का जमू नये?

सगळ्या संचांना एफजीडी बसवा असंही मी म्हणत नाही. सात संचांपैकी २१० मेगावॅटचे दोन संच ऐंशीच्या दशकातले आहेत. त्यांच्या अंगावर आता शेकडो कोटींची यंत्रणा चढवणं म्हणजे पैसा वाया. त्यांना निवृत्तीची तारीख द्या, लेखी, आणि ती पाळा. पुढच्या ५०० मेगावॅटच्या पाच संचांचं आयुष्य उरलं आहे, त्यातले दोन तर गेल्या दशकात सुरू झाले. ते आणखी वीस वर्षं धूर सोडणार असतील तर धुतलेला सोडावा.

जुन्या संचांच्या जागी काय, हा प्रश्न २०१५ मध्ये अवघड होता, आता तितका राहिलेला नाही. २०२५ च्या मध्याला देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. प्रत्यक्ष वापरलेल्या विजेत ७० ते ७५ टक्के अजून कोळशाचीच आहे, कारण सूर्य सहाला मावळतो आणि मागणी सातला वाढते. साठवणीशिवाय पुढे जाता येत नाही, आणि साठवणीला जागा, उपकेंद्र, तारा आणि माणसं लागतात. या चारही गोष्टी बंद होणाऱ्या संचाच्या आवारात तयार असतात. दिवसा विदर्भात सौर वीज बनवा, बॅटऱ्यांमध्ये भरा, संध्याकाळी त्याच वाहिनीनं पडघ्याला पाठवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतजमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे. इथं खाण संपलेल्या जमिनी, मातीचे डोंगर, भरलेले राख बंधारे पडून आहेत. पिकाऊ रानाला हात लावण्याआधी तिकडे पाहावं. आणि कंत्राटी कामगारांना नव्या कामाचं प्रशिक्षण संच बंद होण्याआधी द्यावं. नंतर कुणी देत नाही, हा खाणग्रस्त गावांचा अनुभव आहे.

सौर विजेचं आणि धुराचं नातं मला छतावरही दिसतं. सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान घेऊन आमच्या गल्लीत काहींनी पॅनल बसवले, मीही बसवले. बसवणाऱ्यानं सांगितलं, पंधरवड्यातून एकदा धुवा. आठवड्यानं बोट फिरवलं तरी रेघ उमटते. धुतल्यावर पन्हाळीतून येणारं पाणी राखाडी, आणि त्या दिवशी मोबाइलवरचा आलेख लगेच वर चढतो. कोळशाची वीज सौर विजेला मागं कशी ओढते, हे मुलांना समजावण्यासाठी मला याहून सोपा प्रयोग सापडला नसता.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोकाच्या खटल्यात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांतून येणारा हक्क आहे. १४ वं कलम समानतेचं. दहा लाख वस्तीच्या शहराशेजारची चिमणी निमूट मर्यादा पाळणार आणि २०११ च्या जनगणनेत सव्वातीन लाख भरलेल्या शहराशेजारची चिमणी आधी तपासून बघणार, हे त्या कलमात कसं बसवायचं, ते आपल्या निर्णयाच्या कागदावर आम्हाला वाचायला आवडेल.

तेव्हा मागणं असं. निर्णय करण्याआधी समितीनं चंद्रपुरात सुनावणी घ्यावी, मराठीत, आणि डिसेंबरात नको, मे महिन्यात. केंद्राच्या प्रत्येक चिमणीवर धुराची सतत मोजणी करणारी यंत्रं असतात. त्यांचे आकडे आज सामान्य माणसाच्या हाती सहज लागत नाहीत. ते जटपुरा गेटसमोर फलकावर लावावेत, संचनिहाय, त्या त्या दिवशीचे. शहरातल्या कणांत सल्फेट किती हे वर्षभराच्या चारही ऋतूंत मोजून घ्यावं. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नागपुरात आहे, अडीच-तीन तासांच्या वाटेवर. मर्यादा लागू करायची ठरली तर डिसेंबर २०२८ ही तारीख शेवटची असावी आणि ती चुकली तर रोजच्या दंडाची रक्कम आदेशातच लिहावी. लागू करायची नाही असं ठरलं, तर त्या आदेशात रोज किती टन वायू सोडायला आपण मुभा दिली तो आकडा लिहावा आणि त्याखाली सदस्यांच्या सह्या असाव्यात.

सुनावणीची तारीख निदान महिनाभर आधी कळवावी. खाणीवर आणि केंद्रात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना सुट्टी मागायला तेवढा वेळ लागतो.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
तुकूम, चंद्रपूर